गुरुवारची वही

शिरूरच्या आमच्या रुग्णालयात दर गुरुवारी दुपारी दोनला प्लास्टर रूममध्ये डबे उघडायचे आणि चुका सांगायच्या, हा प्रघात मी पाडला. तातडीच्या विभागात तेव्हा सर्वांत जुनी डॉक्टर मीच होते. नियम तीन. आधी स्वतःची चूक, मग दुसऱ्याची. ‘मला वाटतं’ चालणार नाही, कुठं वाचलं ते दाखवायचं. आणि खोलीतलं खोलीबाहेर जाणार नाही. सगळं एका लांबट वहीत लिहिलं जाई. रुग्णाचं नाव नाही, डॉक्टरचंही नाही. पण अक्षर ज्याचं त्याचं. आठ-दहा जणांच्या विभागात कुणाचं अक्षर कसं, हे मावश्यांनाही ठाऊक असतं. नाव झाकलं की माणूस झाकला जातो, असं मला का वाटलं कोण जाणे.

वही सुरू करताना सोबत होती माझी मैत्रीण, आमची भूलतज्ज्ञ. आम्ही एकाच कॉलेजच्या, एकाच वर्षाच्या. दोघींचे नवरे रेल्वेत, त्यामुळे दोघी दौंडला. रोज माझ्या गाडीतून शिरूरला जायचो. मी चालवायची आणि ती वही मांडीवर घेऊन मोठ्यानं वाचायची.

“या नव्या पोरानं सलाइन किती दिलंय बघ. पेशंट होता की घोड धरण?”

“तू पहिल्या वर्षी काय दिवे लावले होतेस, सांगू का?”

“तू रस्त्याकडे बघ. समोर उसाची ट्रॉली आहे.”

वहीतलं माझं सर्वांत मोठं पान मण्यारीचं. सकाळी सातच्या सुमारास एक तरुण बाई पोटदुखी आणि उलट्या घेऊन आली. घरचा शेवंतीचा मळा, आदल्या दिवशी दिवसभर फुलं तोडलेली. अंगावर दंश नाही, सूज नाही. मी पित्त धरलं, इंजेक्शन दिलं आणि तिला खाटेवर ठेवलं. तासाभरानं तिची सासू आली.

“मॅडम, हिचं डोळं उघडंनात.”

“रात्रभर दुखलंय ना मावशी. झोपू द्या.”

“झोप न्हाई वो ही. हाक मारली तर व्हय म्हणती, पर पापणी उचलत न्हाई.”

तेव्हा कुठं मी विचारलं, रात्री झोपली कुठं होती? जमिनीवर. मण्यार अंथरुणात शिरते, दात इतके बारीक की खूण दिसत नाही, आणि सुरुवात पोटदुखीनं होऊ शकते. हे सगळं मला पाठ होतं. पाठ असूनही विचारलं नव्हतं. प्रतिविष सुरू केलं, मैत्रिणीनं श्वासनलिकेत नळी घातली, बाई चार दिवस कृत्रिम श्वासावर राहिली आणि नंतर स्वतःच्या पायांनी घरी गेली. तास माझ्यामुळे गेला, हे मी सासूला त्याच दिवशी सांगितलं होतं. ती म्हणाली, “आता बघा नीट.”

गुरुवारी मी लिहिलं: ‘पापणी पाहिली नाही. झोपू द्या म्हणाले. एक तास वाया.’ मग आम्ही दोघींनी सर्पदंशाची नियमावली आणि हाती लागतील तेवढे लेख वाचून विभागासाठी नियम केला. जमिनीवर झोपलेला माणूस सकाळी पोट धरून आला, तर दर पंधरा मिनिटांनी पापण्या बघायच्या आणि एका दमात आकडे मोजायला लावायचे. आकडे कमी होऊ लागले, म्हणजे श्वास कमी पडतोय.

पुढं विभाग वाढवायचं ठरलं, प्रमुख नेमायचा होता. माझंच नाव घेतलं जात होतं. मैत्रिणीनं गाडीत पेढेही मागून ठेवले होते. एक दिवस संचालकांनी बोलावलं आणि मोबाइल पुढं केला. मण्यारीच्या पानाचा फोटो.

“अक्षर तुमचंच ना? उद्या हे नातेवाइकांच्या हाती पडलं तर?”

“नातेवाइकांना मी तेव्हाच सांगितलंय.”

“सांगितलंत ते ठीक. लिहून कशाला ठेवलंत?”

मी पानाकडे बघतच नव्हते. पानाखाली कोयऱ्यांची निळी ओढणी दिसत होती. दौंडच्या बाजारात मैत्रिणीनं ती घेताना मीच घासाघीस केली होती.

संध्याकाळी परतताना इनामगावजवळ मी गाडी बाजूला घेतली.

“फोटो तू काढलास. माझ्या गाडीत बसून.”

तिनं नाही म्हटलं नाही. “मी खोटं काही दिलंय का? पुराव्याशिवाय बोलायचं नाही, हे तूच शिकवतेस ना सगळ्यांना?”

“खोलीतलं खोलीबाहेर जाणार नव्हतं.”

“आपल्यातली एकच प्रमुख होणार होती. तू सोडली असतीस जागा?”

मी गाडी सुरू केली. दुसऱ्या दिवसापासून मी एसटीनं जाऊ लागले.

ती प्रमुख झाली. मण्यारीचा नियम छापून भिंतीवर लागला, खाली एकटीची सही, तिची. गुरुवारही चालू आहेत. आता मोठ्या पडद्यावर उत्तम बरे झालेले रुग्ण दाखवतात. लिहायला वही कुणी मागत नाही. ती माझ्या कपाटात आहे.

परवा सकाळी एक माणूस पोट धरून आला. मुतखडा निघाला. पण त्याच्या तक्त्यावर पापण्यांचे चारही चौकोन एकाच पेनानं, एकाच दमात भरलेले दिसले. ते भरणारी डॉक्टर दोन महिन्यांपूर्वी लागलेली.

“सव्वासातला पापण्या पाहिल्यास?”

“हो, मॅडम.”

“सव्वासातला मी त्याच खाटेपाशी होते. तू नव्हतीस.”

तिनं दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “खरं लिहून तुमचं काय झालं, ते इथं सगळ्यांना माहीत आहे, मॅडम.”

तिच्यावर रागावता येईना. कोणत्या वेळी पाहिलं नव्हतं ते मी तिला विचारलं, तशा दोन चौकोनांवर रेघ मारली, शेजारी ‘पाहिलं नाही’ असं लिहिलं आणि आधी माझी सही केली. त्या पाळीची जबाबदारी माझीच होती. मग पेन तिच्यापुढं धरलं. तिनंही सही केली.

गुरुवारी मात्र तिनं ही चूक सांगितली नाही. मीही तिचं नाव घेतलं नाही.