पिवळा राहिलेला एक दिवा

माझ्या मेव्हण्याइतका दिव्यांचा नाद असलेला माणूस ठाण्यापासून कल्याणपर्यंत दुसरा सापडणार नाही, आणि सापडलाच तर दोघांना एका खोलीत ठेवू नये. हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. डोंबिवलीला राहतो, साठी उलटली. रिक्षातून उतरला की भाडं द्यायच्या आधी रिक्षावाल्याला सांगणार, तुझा मागचा डावा दिवा गेलाय. पुतणीच्या लग्नात अक्षता पडत होत्या तेव्हा हा स्टुलावर चढून मांडवाच्या माळेतला बंद बल्ब शोधत होता. माझी बायको चिडायची, म्हणायची, अरे, माणसांकडे बघ जरा. तिच्या शेवटच्या दिवसांत दवाखान्यातसुद्धा हा पलंगाशेजारच्या मशीनकडेच बघत बसायचा आणि मला सांगायचा, हिरवा आहे दाजी, हिरवाच आहे. मी चौथी शिकलेला, वागळे इस्टेटीत प्रेस मशीनवर जन्म काढलेला. मी विश्वास ठेवला.

ती गेली आणि आमची जुनी गाडी माजिवड्याला बिल्डिंगखाली धूळ खात पडली. गाडी घेतलेली तीच मुळी हिच्या हट्टापायी, दर संकष्टीला टिटवाळ्याच्या गणपतीला जायला. मी ठरवलेलं, वर्षश्राद्धाच्या आधी एकदा टिटवाळा करायचा आणि गाडी विकून टाकायची. नुसती बघून जीव जळायचा. गिऱ्हाईकही शेजारच्या बिल्डिंगमधलंच मिळालं. मेव्हण्याला हे कळलं तसा तो नवी बॅटरी आणि एक पिशवी घेऊन हजर. म्हणाला, मीटरमधले बल्ब मेलेत, काटा दिसत नाही, ताईची गाडी अशी आंधळी विकायची नाही, सगळीकडे एलईडी घालतो.

घातले. एलईडी उलटा बसला तर पेटत नाही, म्हणून मीटर चार वेळा बाहेर आलं. उजेडात नीट दिसत नाही म्हणून भर दुपारी आम्ही दोघं म्हातारे डोक्यावर गोधडी घेऊन गाडीत बसलेलो. वॉचमन येऊन विचारून गेला, काका, बरं आहे ना? खोलताना काटा हलला, तेव्हा आमची गाडी उभ्या जागी वीसच्या स्पीडने पळायला लागली. तो काटा बसवला. मग किल्ली फिरवली तर सगळं पांढरंफेक. फक्त बॅटरीचा लाल दिवा लागेना. मेव्हणा खूश. म्हणे, दिवा लागत नाही म्हणजे चार्जिंग एकदम ठणठणीत.

संकष्टीला निघालो. कल्याणला दुर्गाडीच्या अलीकडे ते पांढरे दिवे मंद झाले, आणि गाडी भर रस्त्यात मेली. मेव्हणा खाली उतरून कडेच्या दगडावर बसला. मग म्हणाला, "दिवा लागला नाही म्हणून मी समजलो सगळं बरंय. ताईच्या वेळेलापण मी तेच केलं, दाजी. दिवे बघत बसलो."

मला असलं बोलता येत नाही. मी म्हटलं, "तुझ्या बघण्याने ती गेली नाही. ऊठ, धक्का मार."

गाडी कडेला घेतली. त्याने पिशवीतून तपकिरीची डबी काढली. काढलेले सगळे जुने बल्ब त्यात कापसात ठेवलेले. घोळ बॅटरीच्या दिव्यातच असणार म्हणाला, आणि गॅरेजवाल्याला फोन लावून खात्री करून घेतली. झालेलं असं, की या जुन्या गाडीत बॅटरीच्या दिव्यातूनच थोडा करंट जातो, तेव्हा कुठे चार्जिंग सुरू होतं. एलईडीतून तो जात नाही, त्यात उलटा बसलेला. तिथे जुना साधा बल्बच लागतो. त्याने तो परत बसवला, एका टेम्पोवाल्याने बॅटरीला बॅटरी जोडून गाडी चालू करून दिली, आणि आम्ही टिटवाळ्याला पोचलो. नारळ त्याने फोडला.

गिऱ्हाईक आलं तेव्हा मी सांगितलं, गाडी विकायची नाही. मेव्हणा शेजारी उभा होता. तो पहिल्यांदाच गाडीकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

आता संकष्टीला दोघं जातो. सगळे दिवे नवे, पांढरे. तो एकच हिच्या वेळचा, लाल काचेमागे पिवळा. किल्ली फिरवली की पेटतो, इंजिन चालू झालं की विझतो. मी किल्ली फिरवून थोडा थांबतो. शेजारी बसलेला मेव्हणाही घाई करत नाही.