कमानीवरची काच

भिंगरीमावशीला स्वस्थ बसणं म्हणजे शिक्षाच. हाताला काम नसलं की तिला कसंतरीच व्हायचं. ते नाव काय उगाच पडलं होतं? लग्न होऊन ती त्या लाल विटांच्या घरात आली ती राखणदाराची बायको म्हणून. मागच्या खोलीत संसार थाटला आणि पुढच्या सगळ्या खोल्या जन्मभर झाडत राहिली. घर बांधलं होतं कुण्या गोऱ्या साहेबानं. स्वारी भलतीच हौशी! हातभर जाड भिंती, चुन्यात बसवलेल्या विटा, व्हरांड्याला कमानी, आणि असल्या उकाड्याच्या गावात चक्क शेकोटीचं धुराडं! त्यात कधी काडी पेटली नाही. साहेब गेला, मग कचेरी आली, तीही गेली. मावशी मात्र तिथंच.

एक दिवस मधल्या कमानीवर चीर दिसली. इंजिनियरनं येऊन चिरेवर आडवी काचेची पातळ पट्टी चिकटवली. "भिंत हलली तर काच तडकेल," तो म्हणाला. "मग घर रिकामं करावं लागेल. तोवर हात लावू नका."

हात लावू नका म्हणे! आणि सांगतोय कुणाला, तर मावशीला! जेवता जेवता उठून बघ, झाडता झाडता बघ. काचेवर धूळ बसली की चीर नीट दिसेना, म्हणून स्टुलावर चढून पुसायची.

"अगं, काच आहे ती, नातवाचं नाक नव्हे!" नवरा चिडवायचा.

शेवटी व्हायचं तेच झालं. फडकं जरा जोरात फिरलं आणि कट्ट! मावशीच्या तोंडचं पाणीच पळालं.

"साहेब, माझ्या हातून फुटली हो. शप्पथ!"

"मावशी, सगळ्याच घरांत ती कुणाच्या तरी हातूनच फुटते," इंजिनियर म्हणाला. पण तिचा रडवेला चेहरा बघून त्यानं नवी पट्टी लावली. "ही शेवटची."

मावशीनं स्टूल आणि फडकं नवऱ्याच्या हवाली केलं. व्हरांड्याकडे पाठ करून ती तांदूळ निवडत बसायची, निवडलेलेच पुन्हा निवडायची. जीव नुसता टांगणीला.

मग एका सकाळी व्हरांड्यातून नवऱ्याची हाक आली. पट्टीचे दोन तुकडे झाले होते.

"तू हात लावलास ना?" त्यानं विचारलं.

"नाही हो."

"आठवून बघ. चुकून, झोपेत, कसाही?"

हो म्हणावं, असं मावशीला फार फार वाटलं.

"नाही हो," ती म्हणाली, आणि कमानीखाली तशीच बसली. आत भांडी पडली होती, केर काढायचा होता. बराच वेळ ती उठली नाही.