अटक झाली होती का?

लता खोब्रागडेला खोटं बोलता येत नाही. यात कौतुकाचं काही नाही, तिचा स्वभावच तसा आहे. भिशीला कुणाची पुरणपोळी चिवट झाली तर बाकीच्या बायका 'छान हं' म्हणतात आणि लता म्हणते, "कणीक नीट भिजली नाही गं." वृद्धाश्रमात ती नर्स आहे. तिथले हट्टी आजोबा पोटच्या मुलांना जुमानत नाहीत, पण लताने चष्म्यावरून नुसतं पाहिलं की गुपचूप गोळी गिळतात. मी पुण्याची, फटकळपणात आपला हात कोणी धरणार नाही असं मला वाटायचं. अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉयला आले, लता शेजारी मिळाली आणि माझी खोड मोडली.

तिला अमेरिकेचं नागरिकत्व हवं होतं ते फक्त आईसाठी. रमाबाई सत्तरी ओलांडलेल्या, नागपुरात एकट्या, बाथरूममध्ये एकदा पडलेल्या. ग्रीन कार्डवाल्यांना आईवडिलांना कायमचं आणता येत नाही, नागरिकांना येतं. लता एकुलती एक.

फॉर्म आम्ही माझ्या डायनिंग टेबलावर भरला. मी प्रश्न वाचायचे, ती उत्तर द्यायची. काही प्रश्न असे की हसून पुरेवाट झाली. तू अट्टल दारुडी आहेस का? तुला एकाहून जास्त नवरे आहेत का? "एकच झेपत नाही," लता म्हणाली, तर सोफ्यावरून तिचा नरेंद्र ओरडला, "मी ऐकतोय!" त्याच ओघात, कधी अटक झाली होती का, हाही प्रश्न येऊन गेला. नाही, नाही, नाही. सगळीकडे 'नाही'वर फुल्या मारल्या, लताने सही केली आणि आम्ही चहा प्यायलो.

मुलाखत २००६च्या फेब्रुवारीत होती, डेट्रॉइटला. नरेंद्र कंपनीच्या कामाला मेक्सिकोत, रस्त्यावर बर्फ, म्हणून मी ड्राइव्ह करत होते. सराव म्हणून मी मुलाखतीचे प्रश्न विचारत होते, ती धडाधड उत्तरं देत होती. मधेच म्हणाली, "आई काल फोनवर रडली, कांचन. एवढं टेन्शन! जेलमध्येसुद्धा अशी घाबरली नव्हती."

"कुठे?"

"जेलमध्ये. नामांतराच्या वेळी. आम्ही दोघी होतो की."

माझा पाय ब्रेकवर पडला. गाडी घसरली, मागच्याने हॉर्नवर हातच ठेवला.

एकोणऐंशी साली, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या म्हणून नागपूरहून लाँग मार्च निघाला होता. लता तेव्हा नर्सिंग शिकत होती. मायलेकी त्यात चालत निघाल्या, वाटेत पोलिसांनी धरलं आणि आठवडाभर आत ठेवलं. पुण्यात आमच्या घरी याची गंधवार्ताही नव्हती.

"अगं बाई, मग फॉर्मवर 'नाही' का म्हणालीस?"

"ती काय अटक आहे? अटक चोरांना होते. आम्ही सुटून आलो तेव्हा वस्तीने हार घातले. चौदा एप्रिलला अजून आईला स्टेजवर बसवतात. सत्याग्रह होता तो, कांच..." आणि ती थांबली. तिचा चेहरा उतरला. आपण सही करून खोटं लिहून दिलंय, हे तिला तिथे, हायवेवर कळलं.

"गप्प बस," मी म्हणाले. "इथे कुणाला कळणार आहे, यार? विचारलं तर 'नाही' म्हण आणि बाहेर ये."

"आणि खरं सांगितलं तर?"

खरं सांगितलं तर अर्ज फेटाळला जाऊ शकत होता. मग पुन्हा अर्ज, पुन्हा वाट पाहणं, आणि तोवर रमाबाई तिथे एकट्या. मी हे सगळं बोलून दाखवलं. ती म्हणाली, "पण 'नाही' म्हटलं तर आम्ही काहीतरी वाईट केलं होतं असं होईल." मी भयंकर चिडले. "तत्त्वं नंतर, आई आधी!" असं तिच्यावर ओरडलेसुद्धा.

डेट्रॉइटच्या ऑफिसात तिचं नाव पुकारलं, ती आत गेली. मागून गेलेला एक माणूस हसत बाहेर आला, मग एक जोडपं आलं, मग आणखी कुणी. लताचा पत्ता नाही. मी जाम घाबरले होते आणि घाबरले की मला राग येतो. त्या रागात अख्खं पॅकेट बिस्किटं खाल्ली.

ती आली ती हातात एक कागद घेऊन. ओठ पांढरे पडले होते. गाडीत बसल्यावर बोलली.

उजवा हात वर करून शपथ झाली. इंग्रजीचं एक वाक्य लिहून झालं. मग ऑफिसरने विचारलं, अमेरिकेच्या पहिल्या घटनादुरुस्तीने दिलेला एक हक्क सांगा. ही म्हणाली, शांततेने एकत्र जमण्याचा. बरोबर. मग तो फॉर्मकडे वळला. दारू, जुगार, नवरे, आणि मग, कधी अटक झाली होती का?

"हो," लता म्हणाली.

त्याने मान वर केली. "इथे 'नाही' लिहिलंय."

"चुकीचं लिहिलंय. मला ती अटक वाटलीच नव्हती. मघाशी तुम्ही विचारलात ना, तोच हक्क आम्ही वापरला होता."

त्याने फॉर्म पुढ्यात ओढला. मग लाल पेनने 'नाही' खोडून 'हो' केलं, तिच्याकडून सगळी हकिकत लिहून घेतली आणि सांगितलं की कोर्टाचे कागद आणा, त्याशिवाय निर्णय होणार नाही. "तो रागावला होता का?" मी विचारलं. "कळलं नाही गं," ती म्हणाली आणि रडायला लागली. मीही रडले.

कागद आणले रमाबाईंनी. भाच्याला बरोबर घेऊन एसटीने, जिथे अटक झाली होती त्या जिल्ह्याच्या कोर्टात गेल्या, तीन वेळा. कारकून म्हणायचा जुनं रेकॉर्ड सापडत नाही, त्या म्हणायच्या मी बसते इथे. अखेर खटला मागे घेतल्याचा दाखला मिळाला. तो इथे पोचला, दिला, आणि उन्हाळ्यात लताच्या हातात नागरिकत्वाचं प्रमाणपत्र पडलं.

पुढे रमाबाईंच्या व्हिसाचा फॉर्म भरायला मीच बसले. स्पीकरवर फोन लावला होता. या वेळी एकेक प्रश्न मी सावकाश, मराठीत समजावून वाचत होते. त्या एका प्रश्नाशी आल्यावर माझा आवाज आपोआप खाली आला. "मावशी, तुम्हाला कधी अटक..."

"हो," रमाबाई माझं बोलणं मधेच तोडत म्हणाल्या. "लिही हो. आणि कशासाठी तेही लिही. जागा पुरली नाही तर वेगळा कागद जोड."