पप्पांचं नाक

लहानपणी मला पाल, लिफ्ट आणि गॅस या तिघांची भयंकर भीती वाटायची. पाल आणि लिफ्टचं कुणालाच काही करता आलं नाही, त्या दोघींना मी अजूनही टरकते. गॅसचं मात्र पप्पा बघायचे. रोज जेवणं आटोपली की ते ओट्याखाली वाकायचे, सिलिंडरजवळ तोंड नेऊन डोळे मिटायचे, दोनदा वास घ्यायचे आणि म्हणायचे, "काय नाय गो. पड तू." मग मला झोप लागायची.

मुलुंडला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर पप्पांचं गॅसच्या शेगड्या दुरुस्त करायचं दुकान होतं. दोन शेगड्या शेजारी ठेवल्या की भरलं, एवढंच. आजोबा कामाला होते ती कापडगिरणी बंद पडल्यावर पप्पांनी हातात पाना घेतला तो तीस वर्षं खाली ठेवला नाही. आसपासच्या बिल्डिंगांमधल्या बायकांना नवऱ्यावर नसेल एवढा त्यांच्यावर भरवसा, आणि तो त्यांच्या नाकामुळे. काम झालं की ते पंखा बंद करायला लावायचे, रेग्युलेटर चालू करायचे आणि ओट्याजवळ गुडघे टेकून वास घ्यायचे. गॅस जड असतो, खाली बसतो, म्हणून वाकायचं. तेवढा वेळ घरात कुणी बोलायचं नाही. बाकीचे कारागीर नळीच्या जोडावर साबणाचा फेस लावून फुगा येतो का ते बघतात. पप्पा त्यांना हसायचे. "साबण आंघोळीला," म्हणायचे.

साथीच्या दुसऱ्या वर्षी पप्पांना ताप आला. आठ-दहा दिवसांत ते उठले, दुकान उघडलं, आम्ही सुटकेचा निःश्वास सोडला. त्यानंतर तीनेक महिन्यांनी एका रविवारी मी माहेरी गेले होते. आई तव्यावर सुके बोंबील भाजत होती. आमच्याकडे बोंबील भाजले की तळमजल्यावरची माणसं खिडक्या लावून घेतात. पप्पा बाहेरून आले, चपला काढल्या आणि आईला म्हणाले, "आज जेवायला काय?"

आई हसली. "चेष्टा करताय काय ओ?"

पप्पासुद्धा हसले, पण जरा उशिरा. मला एकदम आठवलं. मागच्याच आठवड्यात शेजारची बाई मला सांगत होती, हल्ली तुझे पप्पा काम झाल्यावर आम्हालाच विचारतात, वहिनी, वास येतो का बघा. मला तेव्हा ते कौतुकाचं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन दुकानात गेले. पप्पा पाठमोरे बसून पिनेने बर्नर साफ करत होते. त्यांच्या मागे जोडून ठेवलेल्या शेगडीचं बटण मी न पेटवता फिरवलं. वास भपकन नाकात शिरला. पप्पा बर्नरमध्ये फुंकर मारत होते. मी मोजायला लागले. पाचच्या पुढे मोजायची माझी हिंमत झाली नाही. बटण बंद केल्याचा कट्‌ असा आवाज झाला तेव्हा त्यांनी वळून बघितलं. आधी माझ्या हाताकडे, मग माझ्याकडे.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तापातून उठलो तेव्हापासून."

"आणि तुम्ही लोकांच्या शेगड्या करताय?"

"येईल परत, आज येईल, उद्या येईल, असं करत ऱ्हायलो." मग हळूच म्हणाले, "विचारत होतो ना लोकांना."

मी त्यांच्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा, तेही रस्त्यावरच्या दुकानात. त्यांनी शटर अर्धं ओढलं आणि एकेक पत्ता सांगायला लागले. बिल्डिंग, मजला, काय काम केलं. मी लिहीत गेले. अडतीस स्वयंपाकघरं निघाली. त्या अडतीस घरांत पोरं होती, म्हातारी माणसं होती आणि सकाळी उठून आधी काडी ओढणाऱ्या बायका होत्या.

साबणाचं पाणी दाढीच्या वाटीत कालवलं आणि त्यांचाच दाढीचा ब्रश घेऊन आम्ही निघालो. मी म्हटलं, "फुकट चेकिंग आहे असं सांगू या." मला दुकानाची भीती वाटत होती. हे बाहेर फुटलं असतं तर वाट लागली असती. पप्पा हो म्हणून मान हलवायचे आणि दार उघडलं की सरळ सांगायचे, "मला वास येत नाय. तुमचं काम केलं तेव्हापण येत नव्हता. बघून जातो." काही जणींनी चहा पाजला. एका गृहस्थाने तपासू दिलं आणि मग पुन्हा यायचं नाही म्हणून सांगितलं. पप्पा त्यालाही "हो" म्हणाले.

दोन दिवसांत सदतीस घरं झाली. सगळी ठीक निघाली. राहिली ती एक काकी, तिसऱ्या मजल्यावर एकटी राहणारी. तिची नळी पप्पांनी आठच दिवसांपूर्वी बदलली होती. दार बंद होतं. मी बेलकडे हात नेला आणि पप्पांनी माझं मनगट एवढ्या जोरात धरलं की वळ उठला.

"बेल नको! आत गॅस साठला असला तर?"

बेलच्या ठिणगीचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आम्ही दार ठोठावलं, हाका मारल्या. आतून हूं नाही की चूं नाही. काकीच्या देवघरात दिवसभर दिवा तेवत असतो, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. पप्पा म्हणाले, "खाली वाक. फटीला नाक लाव. वास येतो का?"

मी जिन्यातल्या फरशीवर आडवी झाले. फिनेलचा वास, धुळीचा वास, उदबत्तीचा. मग गॅसचा. मग नाही. "येतोय," मी म्हटलं. "नाही येत. पप्पा, मला कळत नाही." मी रडायलाच लागले. ते माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते ती मी पूर्वी कधी पाहिली नव्हती. माझ्यापेक्षा जास्त घाबरलेला माणूस होता तो.

तेवढ्यात काकी भाजीची पिशवी घेऊन धापा टाकत जिना चढून आली. "काय रे, माझ्या दारात लोळण का घेतलीय पोरीने?"

दार उघडल्या उघडल्या पप्पांनी आधी दिवा विझवला, मग खिडक्या उघडल्या. नळीच्या जोडावर ब्रश फिरवला. फेसात एक फुगा आला. हरभऱ्याएवढा झाला, फुटला, त्याच जागी दुसरा आला. पप्पांनी रेग्युलेटर बंद केला आणि तिथेच खाली बसले.

काकी म्हणाली, "मला वास येत होता रे. पण तू तपासून गेलेलास ना? म्हटलं मलाच भास होतोय."

पप्पांनी तिचे पाय धरले. ती पाय मागे घ्यायला लागली तरी सोडले नाहीत. "काकी, वास आला की बोलायचं. मोठ्याने बोलायचं. माझा मान ठेवायचा नाय."

त्यानंतर त्यांनी प्रत्येक काम ब्रशनेच केलं. नाक परत आलंच नाही. गिऱ्हाईक थोडं तुटलं, बरंचसं टिकलं.

गेल्या वर्षी पप्पा हृदयाच्या झटक्याने गेले. सकाळी हॉस्पिटलमधून घरी आणलं, बाहेरच्या खोलीत ठेवलं, उशाशी दिवा लावला. बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. आत शेजारणीने पप्पांच्या आंघोळीच्या पाण्याचं पातेलं गॅसवर चढवलं होतं. काकी काठी टेकत आली, पप्पांच्या पायाशी बसली आणि एकदम म्हणाली, "गॅसचा वास येतोय."

कुणीतरी म्हणालं, "उदबत्तीचा असेल काकी. ह्यांच्या घरात कशाला गॅस गळेल?"

"उदबत्ती मला कळते. वास येतोय! ह्यानेच सांगितलंय मला, बोलायचं म्हणून."

रडून रडून माझं नाक चोंदलं होतं. मला कशाचा म्हणजे कशाचाच वास येत नव्हता. मी वाकले आणि पप्पांच्या उशाशी ठेवलेला दिवा फुंकला. बायका "अगं, अगं" करत उठल्या, आई किंचाळली. मी उदबत्ती चुरडून विझवली आणि आत धावले. पाणी उतू जाऊन ज्योत विझली होती, बटण तसंच चालू. ते बंद केलं, रेग्युलेटर बंद केला, खिडकी उघडली आणि ओट्याला धरून उभी राहिले.

बऱ्याच वेळाने काकी आत आली. गुडघ्यावर हात ठेवून कशीबशी ओट्याखाली वाकली, डोळे मिटले, दोनदा वास घेतला.

"काय नाय गो," ती म्हणाली. "लाव आता त्याचा दिवा."