बदामांनी वर आणलेला शब्द

पिरंगुटच्या चहाच्या टपरीवर भर दुपारी मी त्या माणसाच्या कानाखाली आवाज काढला, त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. चष्मा कढईत पडला नाही हे त्याचं नशीब. वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं.

मी जुनी यंत्रं विकतो. उरवडे-पिरंगुटकडचा एखादा कारखाना बंद पडला की त्याची लेथ, कॉम्प्रेसर उचलतो आणि गिऱ्हाईक बघून काढतो. सुरुवात भंगाराच्या काट्यावर पोती उचलण्यापासून केली. शिकवायला कोणी नव्हतं. जे शिकलो ते असं, की सौद्यात पहिला शब्द मारायला असतो. तो समोरच्याच्या तोंडावर फेकायचा, त्याला कळ आली पाहिजे. मग तो उलटा मारतो, आपण पुन्हा मारतो, आणि दोघं दमले की शेवटच्या शब्दावर हात मिळतात. पहिला शब्द धरून बसणाऱ्याला या भागात कोणी साधा पाना विकणार नाही.

संध्याकाळी गाळ्याचं शटर ओढलं की मी कॉम्प्युटरवर रणगाडे चालवतो. आमचा गट आहे, बहुतेक कारखान्यातली पोरं. गटाचं नाव आम्ही भांडून भांडून ठरवलं होतं आणि त्या नावाने मैदानात उतरलो की समोरचे आधी शिव्या द्यायचे आणि मग पळायचे. माझ्या दुकानाला पाटी नाही, पण त्या नावाचे टी-शर्ट मी पदरचे पैसे घालून शिवून घेतले होते.

आम्हा खेळणाऱ्यांचा एक मराठी फोरम होता. दोन गटांची लढाई ठरायची तर दोन्हीकडचे म्होरके तिथे सगळ्यांदेखत सौदा करायचे. कुठलं मैदान, किती गाडे, हरणाऱ्याने काय द्यायचं. एकाखाली एक पोस्ट, मधे बघ्यांच्या शिट्ट्या. शेवटच्या पोस्टखाली समोरच्याने ‘ठरलं’ लिहिलं की ठरलं. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. तरी कधी कोणी मोडला नाही.

मग एका सकाळी फोरम उघडला तर गोल गोल फोटो, लाइकचे लाल बदाम, ‘तुमच्यासाठी खास’, ‘सध्या गाजतंय’. एकाखाली एक काही राहिलंच नव्हतं. ज्याला बदाम जास्त, तो वर. लोक पेटले. ‘आमचा आखाडा मोडून ब्युटी पार्लर टाकलं,’ एकाने लिहिलं. दुसऱ्याने लिहिलं, ‘हे ज्याने केलं त्याचा पत्ता द्या, रणगाडा त्याच्या पार्किंगमध्ये लावतो.’ एकाने तर कायमचा निरोप घेणारी लांबलचक पोस्ट टाकली. तिला इतके बदाम पडले की तो गेलाच नाही. शिव्या सगळ्यात जास्त मी दिल्या. ज्याने हे केलं तो भूगावला फ्लॅटमध्ये राहणारा, आयटीतला, मूळचा नांदेडकडचा. तो मला गोड उत्तरं द्यायचा, त्याने मी आणखी भडकायचो.

त्याच आठवड्यात आमची एका गटाशी लढाई लागली. त्यांचा म्होरक्या उरवड्याला क्रेन चालवतो. आमचं जुनं वैर. मी नेहमीसारखा पहिला शब्द फेकला : ‘हरलो तर आमच्या गटाचं नाव तुम्हाला देतो, कुत्र्याला ठेवा. पण हरलात तर तुमचं आमच्या गाढवाला.’ लोक खिदळले. तोही खवळला. दोघांनी एकमेकांचं खानदान काढलं, आणि उतरत उतरत मी शेवटी लिहिलं, ‘हरणाऱ्याने महिनाभर जिंकणाऱ्याचा झेंडा लावायचा. बोल.’ थोड्या वेळाने फोनवर फोरमची नुसती सूचना आली. त्याचं उत्तर : ‘ठरलं.’

लढाईत आम्हाला फाडलं त्यांनी. आमचे गाडे टेकडीच्या उतारावर एकेक करून जळाले. माझा गाडा शेवटचा होता. पट्टा तुटला होता, जागेवर गरगरत होतो, आणि चौघांनी चारी बाजूंनी गोळे घातले. माउस मी भिंतीवर फेकला. तेवढ्यात त्याचा मेसेज आला, ‘शेठ, नाव कवा देताय?’

दुसऱ्या दिवशी मी, क्रेनवाला आणि फोरम बदलणारा तो भूगाववाला, तिघं टपरीवर भेटलो. भूगाववाल्याला मीच बोलावलं होतं. त्याने मोबाईल काढून दाखवलं. माझी पहिली पोस्ट बदामांनी सगळ्यात वर गेली होती, आणि ‘ठरलं’ तिच्याखाली चिकटलं होतं. झेंड्याची पोस्ट खाली कुठेतरी, ‘आणखी पाहा’च्या मागे गडप.

‘पण सर, लोक एंगेज तर व्हायलेत ना,’ तो म्हणाला. ‘तुमची पोस्ट तर हिट आहे.’

तिथे मी मारली. क्रेनवाल्याने मागून कव घातली, मी कोपर हाणलं, त्याचा ओठ फुटला. त्याने मला बरगडीत असा गुद्दा दिला की श्वास आत गेला तो बाहेर येईना. बाकडं उलटलं, कपबशा फुटल्या. टपरीवाली मावशी झारा घेऊन मधे उभी राहिली.

‘आता जो हात उचलंल त्याला तेलात तळते! मेल्यांनो, गेमवरनं मारामाऱ्या करता? पोरं घरी काय शिकतील?’

भूगाववाला चष्मा पुसत रस्त्यापलीकडे गेला, बस आली तिच्यात चढला. आम्ही दोघं उरलो. मावशीने थंड पाण्याची बाटली दिली, ती कधी त्याच्या ओठावर, कधी माझ्या बरगडीवर.

‘तुला झेंड्याचं दिसलंच नाही?’ मी विचारलं.

‘आईशप्पथ न्हाई. क्रेनच्या केबिनात हुतो, उघाडलं, वर दिसलं त्येच वाचलं. वाटलं, शेठ परत पयल्या शब्दावर आला.’

‘माझा पहिला शब्द खरा धरलास? तू? मला ओळखत नाहीस?’

‘वळखतो म्हून तर घाबारलो,’ तो म्हणाला. ‘आमच्या पोरास्नी सांगितलं, गड्यांनो, नाव लावलंय डावाला, आपलं बी. एक जण तर रडाय लागला. त्या भ्यानं लढलो आमी, शेठ. हारलो असतो तर दिलं असतं. गाढवाला का हुईना.’

मी झेंड्यासाठी लढलो होतो आणि तो नावासाठी. तिथेच हरलो होतो आम्ही.

मी घासाघीस केली, नाही असं नाही. दोन महिने झेंडा म्हणालो, वर्षभर म्हणालो. तो नुसता ओठ चेपत बसला. त्याचं खोटं असतं तर मी टपरीसकट त्याला उचललं असतं. पण त्याने आपलंही तेवढंच मोलाचं नाव पुढे ठेवलं होतं, माझ्या शब्दावर. मी मोबाईल काढला आणि तिथेच गटाचं नाव त्याच्यासाठी सोडलं.

आमच्यातल्या तिघांनी गट सोडला. टी-शर्ट गाळ्यात ग्रीस पुसायला आहेत. भूगाववाल्याशी मी बोलत नाही आणि बोलणारही नाही. त्याने माझ्या तोंडात माझाच शब्द उलटा घातला.

क्रेनवाल्याने नाव कुत्र्याला ठेवलं नाही, स्वतःच्या गाड्यावर लावलं. परवा धुक्याच्या मैदानात टेकडीआडून ते हळूहळू वर आलं, पांढऱ्या अक्षरांत. माझं बोट क्षणभर थबकलं. मग मी नेम धरला आणि ते पेटेपर्यंत गोळे घालत राहिलो.