एक हजार एकच्या पोटातले सात

बाबांच्या हातात अडकित्ता होता आणि त्याच्या पात्यांत सुपारी. ती फुटली की बोरी अरबच्या आमच्या घराने बाभुळगावच्या बिजवराला शब्द दिला, असं ठरलं असतं. सातवी पास होऊन मी यवतमाळला मास्तरणीच्या ट्रेनिंगला नाव लावलं होतं. ते सगळं आता ती सुपारी फुटेपर्यंतच उरलं होतं.

सोयरीक आणणारे जोशीबुवा ओसरीवर पाटी घेऊन बसले होते. मी नको म्हणत होते आणि बाबा अडले होते. असा पेच पडला की आमच्याकडे देवापुढे मूठभर ज्वारीचे दाणे टाकून एकी की बेकी ते बघत. बुवा म्हणाले, "दाने खोटं बोलतीन, आकडा नाही बोलत. पोरी, तीन आकडी अंक सांग."

"तीनशे अठ्ठावन्न," मी रागानेच म्हणाले.

त्यांनी तो शेजारीशेजारी दोनदा लिहिला. ३५८३५८. "याले सप्तपदीच्या सातानं भाग. बाकी उरली तर सोयरीक मोडली."

मी भागलं. एकावन्न हजार एकशे चौऱ्याण्णव. बाकी काही नाही.

बाबांनी उजवा हात कपाळाला लावून देवाला नमस्कार केला. मी उसळले. मामा छापखान्यात होता, त्याने आणलेली पत्रकं वाचत मी वाढले होते. अंधश्रद्धा, स्त्रीची गुलामगिरी, सगळी वाक्यं जिभेवर तयार होती.

"भाषन नको," बाबा म्हणाले. "तूच भागलं नं? चुकलं काय, ते सांग."

चुकलं नव्हतं. माझ्यावरचा अन्याय माझ्याच अक्षरात पाटीवर होता.

मी पाटीकडे बघत राहिले. डावीकडचे तीनशे अठ्ठावन्न हजारांच्या घरात बसले होते. म्हणजे हजार वेळा तीनशे अठ्ठावन्न, आणि वर आणखी एकदा. एक हजार एक वेळा! पाटीच्या कोपऱ्यात एक हजार एकला सातने भागलं. एकशे त्रेचाळीस, बाकी नाही. अंक कुठलाही घ्या, दोनदा लिहिला की सात आत येणारच.

"बाबा, आता आपल्या बैलासाठी एक अंक धरा."

"बैलाले कायले मधात घालून राह्यली?" बुवा तडकले.

दाराआडून माय म्हणाली, "धरा नं. बैल जावई भेटला तं वावर तरी नांगरून होईन."

बाबांनी सहाशे बारा सांगितला. सत्त्याऐंशी हजार पाचशे सोळा. बाकी नाही.

"मग माझी गाठ कोनाशी? त्या बिजवराशी का बैलाशी?"

"पोरगी लय शिकली तुमची," बुवा म्हणाले. "फोडा सुपारी, वेळ चालली."

बाबांनी पाटी स्वतःकडे ओढली. कुणाला न सांगता एक अंक लिहिला, दोनदा. ओठात सातचा पाढा म्हणत ते एकेक घर उतरू लागले. डाव्या हातात अडकित्ता तसाच. शेवटच्या घराशी ते थांबले, पाढा पुन्हा पहिल्यापासून म्हटला. बाकी नव्हतीच. मग पाटी पालथी केली आणि सुपारी पात्यांतून काढून खिशात टाकली.

"महाराज, चहा घ्या. आज नाही फोडत."

आज, म्हणाले होते. मी तेवढ्यावरच यवतमाळला न्यायची पेटी भरायला घेतली.