भटूभाऊंचा रिपोर्ट मी वाचला होता

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — तिला तर स्टाफरूममधल्या कुचाळक्यासुद्धा सांगतो. तुम्हाला का सांगतोय? देव जाणे.

मी सिल्वासात बारावीला बायोलॉजी शिकवतो, मूळचा कणकवलीकडचा. आमच्या बिल्डिंगीत कुणाचाही रिपोर्ट आला की आधी माझ्याकडे, मग डॉक्टरकडे. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू? मी चष्मा लावला की समोरचा श्वास रोखून बघायचा.

खालच्या मजल्यावरचे भटूभाऊ धुळ्याकडचे, इथे जवळच मसाटला धाग्याच्या कंपनीत मशीनवर. विडीला कधी हात लावला नाही, आणि फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. सुरतच्या डॉक्टरांनी केमो सुरू केली, गाठीचा तुकडा जीन तपासायला पाठवला, रिपोर्ट आला की लगेच आणा म्हणाले. तो मोबाईलवर आला. भाऊंनी मला पाठवला — ‘सर, काय लिहेल आहे, बघजा.’

पानभर इंग्रजी. मला एवढंच कळलं, की एका जीनमध्ये बदल आहे, पण इंट्रॉनमध्ये. अरे, हे तर माझंच! वीस वर्षं फळ्यावर लिहितोय — जीनवरून आरएनएची नक्कल निघते, तिच्यातले इंट्रॉन कापून फेकले जातात, उरलेले तुकडे जोडून प्रोटीनचा निरोप तयार होतो. इंट्रॉन म्हणजे टाकाऊ. शेवटच्या दोन ओळी मात्र समजल्या नाहीत. तसं सांगायला काय झालं होतं? जीभ झडली असती? मी लिहिलं, ‘बदल टाकाऊ भागात आहे. त्यासाठी सुरतला हेलपाटा नको. निर्धास्त राहा.’

पुढच्या केमोला डॉक्टरांनी विचारलं. भाऊ म्हणाले, आमच्या सरांनी पाहिला, काही निघालं नाही. त्या गर्दीत ते तसंच राहून गेलं.

हा झाला अडाणीपणा. तेवढ्यावर थांबलं असतं तर —

हिवाळ्यात तोच धडा शिकवताना एका मुलीनं विचारलं, ‘सर, कापायची खूणच बिघडली तर?’ उद्या सांगतो म्हणालो, घरी शोधलं. ती खूण इंट्रॉनच्या टोकाला असते. बिघडली, की पेशी शेजारचा कामाचा तुकडाही गाळून टाकते. एका जीनच्या त्या तुकड्यात प्रोटीन वेळेवर मोडीत काढायची सोय असते. ती गेली की ‘वाढ, वाढ’ हा हुकूम चालूच राहतो. त्यातून फुप्फुसाचा कॅन्सर होतो. आणि नेमक्या त्यावर गोळ्या आहेत.

मी रिपोर्ट पुन्हा उघडला. त्या दोन ओळींत हेच होतं. गोळीच्या नावासकट.

भटूभाऊ तेव्हा जिवंत होते.

त्यानंतर अकरा दिवस होते. रोज त्यांच्या दारावरून मी कॉलेजला गेलो. एकदा आत गेलो. रेखावहिनींनी चहा दिला. भाऊंच्या नाकात ऑक्सिजनची नळी होती, तरी हसले — ‘या सर.’ आणि मी काय बोललो? यंदा थंडी जास्त आहे. थंडी! खरं सांगितलं असतं तर आधीची चूक उघडी पडली असती. बस, एवढंच कारण. गोळीनं ते वाचले असते का? मला माहीत नाही. पण ते ठरवणारा मी कोण होतो?

त्या मुलीला मात्र दुसऱ्याच दिवशी उत्तर दिलं. फळ्यावर आकृती काढून, अगदी सविस्तर.

वहिनी अजून चारचौघांत म्हणतात, सरांनी यांचा रिपोर्ट वाचला, खूप धीर दिला. मी मान हलवतो. तो रिपोर्ट माझ्या मोबाईलमध्ये आहे. त्याच्याखाली माझंच उत्तर आहे — निर्धास्त राहा.